मास्तर आला, मास्तर आले

आमच्या आळीत घरं नऊ, त्यातली पाच मास्तरांची. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जमीनजुमला कुणाचा फारसा नाही, दुकान नाही. महिन्याचा पगार आणि पावसाळ्यात परसातला दोडका-घेवडा यांवर चालणारी घरं. आळीतल्या आम्हा सगळ्या पोरांना एकच नाव होतं, ‘मास्तरांची पोरं’. चिंचेवर चढलो तर मास्तरांची पोरं असून चढलो, गणितात पडलो तर मास्तरांची पोरं असून पडलो.

पाचही घरांत वस्तू त्याच त्या. खुंटीला काळी टोपी आणि छत्री. कोनाड्यात दौत, टाक आणि टीपकागद. दाराआड सायकल, तिच्या सीटला जुन्या धोतराचं फडकं. माळ्यावर पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि खाली ‘ट्रेंड शिक्षक’. ज्याच्या नावाखाली ‘ट्रेंड’ नसे, त्याच्या ट्रंकेवर नुसतं नाव असे. मागची बाजू कोरी असलेला कागद आमच्याकडे कधी रद्दीत गेला नाही. शिरगणती झाली, निवडणूक झाली, की मास्तरांच्या घरी असे कागद उरत. ते दाभणानं टोचून सुतळीनं शिवले की वही. खडूचे तुकडे डालड्याच्या डब्यात. अगदीच हातात न मावणारे बारके तुकडे आमच्या वाटणीला, अंगणात ठिक्कर आखायला.

माझे आजोबा, ज्यांना सगळा तालुका अण्णा म्हणे, व्हर्नाक्युलर फायनल पास होऊन मास्तर झाले. मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन ‘ट्रेंड’ झाले आणि शेवटची बारा-तेरा वर्षं हेडमास्तर होते. त्यांची एक टाचणवही होती. उद्या वर्गात काय शिकवायचं, कसं शिकवायचं, फळ्यावर काय लिहायचं, याचं टाचण. प्रत्येक मास्तराला ते लिहावंच लागे, पण अण्णांची वही निराळी. तिला पुठ्ठ्याऐवजी नकाशाचं कापड होतं. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि शाळेतला मुंबई इलाख्याचा नकाशा निकामी झाला. तो फाटलेलाही होता. डेडस्टॉकातून रीतसर निघाला तेव्हा अण्णांनी त्याचं कापड घरी आणलं आणि वहीला घातलं. सिंध प्रांत मलपृष्ठावर आला होता. आम्ही त्याच्यावरून बोट फिरवत असू.

जूनमध्ये नवे मास्तर रुजू व्हायला येत. यष्टीच्या टपावरून वळकटी आणि ट्रंक उतरे आणि आम्ही पोरं ओरडत आळीत शिरत असू, “नवे मास्तर आले! नवे मास्तर आले!” पहिले चार दिवस त्यांचं जेवण आमच्याकडे. खोली बघून द्यायची तीही अण्णांनी. आणि रात्री कंदिलाच्या उजेडात शिकवणी सुरू होई, मास्तरांची शिकवणी.

जे कॉलेजात कुणी शिकवत नाही, ते अण्णा शिकवत. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, एकाच मास्तरापुढे असेल तर एका इयत्तेला तोंडी आणि दुसरीला लेखी, आणि दर पंधरा मिनिटांनी आलटून पालटून. खडू कुरकुरला तर टोक मोडायचं. फळा पांढुरका पडला तर कोळसा आणि वेलाची पानं वाटून घासायचा. हजेरी पेन्सिलीनं घेऊ नये. पाटी आणली नाही म्हणून पोराला घरी धाडू नये, तो परत येत नाही. चार्ज घेताना यादी वाचून नुसती सही करायची नाही, एकेक वस्तू हात लावून मोजायची. खुर्ची एक, टेबल एक, पृथ्वीचा गोल एक (आस मोडलेला), सतरंज्या तीन, लोटी एक, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा एक. दिपोटीसाहेब तपासणीला आले तर घाबरायचं नाही, वर्ग चालू ठेवायचा. हे सांगताना अण्णा मोठे होत. विद्या देताना हात आखडता घेतलेला मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आणि नवे मास्तर काय देत? तेही आम्हीच पाहिलं. रॉकेलच्या रांगेत उभं राहणं, तालुक्याच्या कचेरीत अण्णांची बिलं पोचवणं, गिरणीतून दळण आणणं, आम्हा नातवंडांना संध्याकाळी पाढे म्हणायला बसवणं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. न सांगताच ते होई आणि घरात सगळ्यांना ते गोड वाटे. ‘फार गुणी मुलगा’ असं आजी म्हणे. पण शाळेच्या कपाटाच्या वरच्या खणात गोपनीय अहवालांची पाकिटं असत, त्या खणाची किल्ली अण्णांच्या जानव्याला असे, हे त्या गुणी मुलालाही ठाऊक होतं. त्या पाकिटात एक ओळ वाकडी पडली, तर बदली डोंगरापलीकडे. अण्णांनी तशी ओळ कुणाची लिहिली असं मी ऐकलं नाही. तरीही दळण येत राहिलं.

१९६३ च्या जूनमध्ये जे मास्तर आले, त्यांच्या वेळी आम्ही ओरडत आलो नाही. यष्टीतून ते उतरले तेव्हा कुणीतरी मोठ्या माणसानं आडनाव विचारलं, आणि आळीत बातमी आली ती अशी, “नवा मास्तर आला.”

आला. आले नव्हे. मी तेव्हा सात वर्षांचा. व्याकरण अजून शिकायचं होतं, पण त्या एका मात्रेतला फरक मला त्या दिवशी कळला.

मास्तर पलीकडच्या तालुक्यातल्या बौद्धवाड्यातले. कर्मवीर भाऊरावांच्या बोर्डिंगात शिकलेले. साताऱ्याच्या त्या बोर्डिंगात १९२४ पासून सगळ्या जातींची मुलं एका चुलीवरचं, एका पंगतीत जेवत होती. १९२७ साली गांधीजी ते पाहून गेले होते. ज्या मुलानं ती पंगत जेवून शिक्षण घेतलं, त्याला आमच्या गावात भाड्यानं खोली मिळेना. अण्णा चार घरं फिरले, मग शाळेची सामानाची खोली त्यांना उघडून दिली. जुने बाक, मोडके फळे आणि त्यांच्यामध्ये एक बाज. दोन वर्षं मास्तर तिथं राहिले. अण्णांना वाटे आपण पुष्कळ केलं. त्या काळात आणि त्या गावात ते पुष्कळ होतंही. पण मोडक्या बाकांमध्ये दोन वर्षं कसं झोपता येतं, हे त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही.

कंदिलाची शिकवणी त्यांनाही मिळाली. पडवीत, आतल्या माजघरात नव्हे. अण्णांनी एक अक्षर हातचं राखलं नाही. उलट त्यांच्याइतका हुशार मास्तर दुसरा आला नाही असं ते उघड म्हणत, आणि निवृत्त होताना नकाशाच्या कापडाची टाचणवही त्यांनी दिली ती याच मास्तरांना. बाकीचे चार मास्तर त्यावरून कित्येक महिने रुसले होते.

पण पडवीच्या कोनाड्यात एक कप होता. कान तुटलेला, निळ्या वेलबुट्टीचा, बशीवर पालथा. तो त्यांचा. पहिल्या दिवशी आजी म्हणाली, “मास्तर, घोटभर चहा?” मास्तरांनी कोनाड्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “मी चहा घेत नाही.” पुढे दर खेपेला आजी विचारी, दर खेपेला मास्तर तेच म्हणत. आम्हा पोरांत मास्तरांची तीच ओळख झाली, चहा न घेणारे मास्तर. आम्हाला त्याचं कौतुकही वाटे, कारण आम्हाला चहा मिळत नसे. कप मात्र कोनाड्यातच राहिला.

मास्तरांनी मला त्रैराशिक शिकवलं, ते आजतागायत विसरलेलो नाही. गोष्टीसारखं शिकवत. आळीतल्या सगळ्या पोरांचं गणित त्यांनी सुधारलं. दळण त्यांनी कधी आणलं नाही. कुणी सांगितलंही नाही, कारण त्यांच्या हातचं पीठ आजीला चाललं नसतं. पाढे मात्र चालले.

काकू घरात आली १९७० साली. डी.एड. होऊन आली, आणि दुसऱ्या वर्षी तिला नेमणूक मिळाली, चार मैलांवरच्या वाडीत. द्विशिक्षकी शाळा. मुख्याध्यापक कोण? चहा न घेणारे मास्तर.

घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. ज्यांनी आमच्या पडवीतून आत कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्यांच्या हाताखाली आता घरची सून. तिची रजा ते मंजूर करणार, तिचं टाचण ते तपासणार, गोपनीय अहवालात तिची ओळ ते लिहिणार. अण्णा एवढंच म्हणाले, “शिकून घे. माझ्यापेक्षा चांगलं शिकवतो तो.” तो.

काकू त्या शाळेबद्दल अजून तासन् तास बोलते. पहिल्याच दिवशी मास्तरांनी कपाटाची किल्ली तिच्यापुढे ठेवली. एक आठवडा तुमच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे, म्हणाले. तिचं टाचण वाचून त्यावर ते लाल शाईनं काही लिहीत नसत. पेन्सिलीनं बारीक प्रश्न लिहीत, “हे मुलांना का वाटावं?” किंवा “शेवटच्या रांगेतल्या मुलीचं काय?” त्याच्याखाली काकूनं उत्तर लिहायचं. मग अण्णांची वहीही दोघांत फिरू लागली. अण्णांच्या शाईच्या टाचणाशेजारी मास्तरांची पेन्सिल आणि तिच्याशेजारी काकूचं वळणदार निळं अक्षर. एके ठिकाणी अण्णांनी लिहिलंय, “व्रात्य मुलांस पुढे बसवावे.” खाली मास्तरांनी लिहिलंय, “मागे कोणास बसवितो तेही पाहावे.”

त्या वळणदार अक्षरानं काकूला पुढच्या शाळेत फार छळलं. दुसरीकडे बदली झाली तिथं पाच गुरुजी आणि ही एकटी बाई. पाचही जणांचं टाचण हिनं लिहायचं, का तर अक्षर चांगलं. सव्वीस जानेवारीची रांगोळी हिनं काढायची. तपासणीला साहेब आले की पोहे हिनं करायचे, आणि तेवढा वेळ हिचा वर्ग मॉनिटरच्या हवाली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, “बाईंच्या वर्गाची शिस्त सैल आहे.” ते वाचून काकू घरी येऊन रडली, तेव्हा मास्तरांच्या शाळेत घालवलेली तीन वर्षं काय होती ते आम्हाला समजलं.

त्याच शाळेतल्या एका वयस्क गुरुजींनी तिला सांगितलं होतं, “आम्हीपण असंच शिकलो, थोरांची कामं करून.” हे वाक्य आमच्या आळीतल्या पाचही घरांत चालत असे. आपण वाहिलेलं ओझं पुढच्याच्या डोक्यावर देणं, म्हणजे जणू वतनच. मला या वाक्याचा राग येतो. सोसण्यानं कुणाला शिकवता येऊ लागलं असेल असं मला वाटत नाही.

१९७७ च्या डिसेंबरात संप झाला, ५४ दिवसांचा. आळीतल्या पाच घरांत दोन महिने पगार नाही. वाण्याकडची उधारी, परसातली शेवग्याची शेंग आणि तालुक्याच्या मैदानावर एकच लांब सतरंजी. तिच्यावर हेडमास्तर आणि कालचा रुजू झालेला, सगळे मांडीला मांडी लावून. मास्तर आणि काकू शेजारी बसलेले आम्ही पाहिले. आजीनंही पाहिलं, आणि त्यावर ती काही बोलली नाही.

पुढे काकूला एका सहलीत कोसबाडची टेकडी पाहायला मिळाली. अनुताई वाघ तेव्हा हयात होत्या. परत आली ती ताराबाई मोडक आणि अनुताईंचंच बोलत. १९४५ साली बोर्डीला ताराबाईंनी बालशिक्षणाचं केंद्र काढलं आणि अनुताई शाळेची नोकरी सोडून त्यांच्याकडे आल्या. १९५७ ला काम कोसबाडला गेलं, १९७३ ला ताराबाई गेल्या, आणि अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, स्वतःच्या शेवटापर्यंत चालवलं. पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं येईनात म्हणून शाळा कुरणात नेली. काकू म्हणाली, “दोघींत थोरली कोण हे सांगायची वेळच कुणावर येत नसेल, इतकं काम पुढ्यात होतं.” मी त्या दोघींना पाहिलं नाही. पण काकूच्या तोंडून ऐकताना मला वाडीची द्विशिक्षकी शाळाच दिसे.

मास्तर नव्वदीच्या दशकात केंद्रप्रमुख झाले. दहाएक शाळा त्यांच्या केंद्रात. साहेब झाले, तरी जुन्या सायकलवरून फिरत. शाळेत गेल्यावर आधी मागच्या रांगेत मुलांच्या सतरंजीवर बसत. शेरेबुकात काय लिहिणार ते त्या शिक्षकाला आधी वाचून दाखवत आणि विचारत, “खरं आहे का?” नाही म्हटलं तर खोडत. एकदा एका तरुण शिक्षकानं मान खाली घालून “खरं आहे साहेब” म्हटलं, तर त्याला म्हणाले, “मान वर करून म्हणा, मग लिहितो.” गोपनीय अहवालाच्या जिल्ह्यात मास्तरांचं शेरेबुक असं उघडं राहिलं. २००० साली ते निवृत्त झाले, आणि निरोपाच्या दिवशी नकाशाच्या कापडाची वही काकूकडे आली.

त्याच साली सरकारनं शिक्षणसेवक आणले. तीन वर्षं महिना ३००० रुपये. त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. काकू तेव्हा मुख्याध्यापिका. तिच्या शाळेत नांदेडकडची एक मुलगी आली, पोटापाण्यासाठी घरापासून इतक्या लांब. खोलीचं भाडं, जेवणाचा डबा आणि यष्टीचं भाडं वजा जाता तिच्याकडे काय उरत असेल, ते काकूनं पहिल्याच आठवड्यात बोटांवर मोजलं. शाळेतला शिपाई आत येऊन म्हणाला, “नवी सेवक आली.” काकू खुर्चीतून उठली. “सेवक नाही, बाई. आणि आली नाही, आल्या.”

पुढे शाळेत खिचडी शिजू लागली, तेव्हा तिचं रजिस्टर नव्यांच्या गळ्यात बांधायची सगळीकडे रीत पडली. ते काकूनं स्वतःकडे ठेवलं. शिजलेलं, उरलेलं, तांदळाचं पोतं, मुगाची डाळ, सगळा हिशेब स्वतः लिही. तीन जानेवारीला सावित्रीबाईंचा फोटो मांडला की त्या मुलीलाच बोलायला उभी करी. सावित्रीबाई शिकवू लागल्या त्याआधी शिकवायला शिकल्या होत्या, नगरला फेरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे, हे काकूनं तिला सांगितलं. फातिमाबी शेख त्यांच्या जोडीनं शिकवत होत्या, तेही सांगितलं.

आणि तरी एके दिवशी काकू जेवायला बसली ती घास हातातच धरून. त्या मुलीचं अक्षर सुरेख होतं. महिनाभर शाळेतले सगळे तक्ते, सुविचार, पालकसभेची पत्रकं काकू तिच्याकडूनच लिहून घेत होती. त्या दिवशी ती मुलगी हळूच म्हणाली होती, “बाई, माझा वर्ग नुसता बसून आहे.” काकूनं ते वाक्य आम्हाला तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी उरलेले तक्ते तिनं घरी आणले आणि चष्मा लावून स्वतः रंगवले. आम्ही मदतीला बसलो तर बसू दिलं नाही.

नकाशाची वही आता त्या मुलीकडे आहे. मुलगी कसली, तीही आता मुख्याध्यापिका झाली. मध्यंतरी येऊन तिनं काकूला मोबाईलवर धड्याची चित्रफीत कशी जोडायची ते शिकवलं. काकू पंचाहत्तरीला टेकलेली. “बाई, परत एकदा दाखवा,” काकू म्हणत होती. दाखवा.

ती गेल्यावर आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. कोनाडा अजून आहे, त्यात आता विजेचं मीटर आहे. मी सहज विचारलं, “काकू, मास्तरांचा तो कप कुठं गेला गं? एकाएकी दिसेनासा झाला.”

“मी फोडला.”

मला वाटायचं, आजीच्या हातून पडला असेल.

“वाडीच्या शाळेत पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मास्तरांनी स्टोव्ह पेटवला,” काकू म्हणाली. “आलं घालून चहा केला. मला एक पेला दिला, स्वतः दोन प्याले. मी बघतच राहिले. मला सांगितलं होतं ते चहा घेत नाहीत म्हणून. घरी आले आणि कप घेऊन विहिरीवर गेले. हातून पडला म्हणून सासूबाईंची बोलणी खाल्ली, खोटं बोलले. पण फोडला.”

“मग मास्तर?”

“त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळ. अण्णांना भेटायला आले होते, चार मैल सायकल मारून, उन्हातनं. मी बशीत आपला घरातला कप ठेवला आणि चहा घेऊन बाहेर आले. त्यांनी कोनाड्याकडे बघितलं. तिथं काही नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं.”

त्या वर्षी आळीत पाण्याचा हंडा दोन दिवस पुरवावा लागे. विहिरीच्या तळाला गाळ. ते मलाही आठवतं.

“म्हणाले, ‘चहा मी इथं घेत नाही, बाई. पाणी द्या.’ मी आत गेले. सासूबाई माठाजवळच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनीच माठावरचं झाकण काढलं. मी फुलपात्र भरून नेलं. मास्तर तोंड लावून प्याले, सावकाश, सगळं. आणि उठून, चपला काढून, फुलपात्र स्वतः आत आणून ठेवलं. माठाशेजारी.”

“आजी काय म्हणाली?”

“काही नाही. ते गेल्यावर शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, कोण आलं होतं. तर म्हणाल्या, मास्तर आले होते.”